आठ पानांचा एक संच

टेंभुर्लीच्या दवाखान्यात डोकं फुटलेला माणूस आला, की त्याचा स्कॅन फायबरच्या लाइनवरून जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे जातो. ते बघून सांगतात, तेव्हा इथे उपचार सुरू होतात. करारात वेग लिहिला होता सेकंदाला दहा मेगाबाइट, म्हणजे स्कॅन एका मिनिटात पोचायला हवा. लागायची आठ मिनिटं!

अशात लाइन टाकणाऱ्या कंपनीचे घारपुरे साहेब काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही घ्यायला आले. सहीचा अधिकार स्कॅन काढणाऱ्या वैजयंताबाईंना. त्या भडकल्याच. "तुमच्या मीटरवर दहा मेगाबिट दिसतंय. आठ बिट मिळून एक बाइट होतो, साहेब. आठवा हिस्सा देऊन पूर्ण म्हणता?"

साहेब हसले. "अहो बाई, बिट काय नि बाइट काय! दहाचे दहा दिसतायत ना? करा सही. आठ पानांचा एक संच आहे, सगळ्या पानांवर हवी."

बाईंनी पहिल्या पानावर सही केली, ते सुटं केलं आणि साहेबांच्या हातात ठेवलं. बाकीची पानं खणात टाकली.

"अहो, बाकीची सात?"

"पान काय नि संच काय! एकाचं एक मिळालं ना?"

"हे अपुरं आहे! माझी नोकरी जाईल!"

"तुमची नुसती नोकरी जाईल. आमच्याकडे माणूस जातो."

साहेब तिथूनच फोन लावून ओरडले, "टेंभुर्लीला दहा दे, आत्ताच! बिट नाही रे गाढवा, बाइट! फरक असतो!"