फुलीच्या फळ्या

खाडीकाठच्या एका गावात एक सुतार राहत असे. होडी बांधावी तर त्यानेच, असे सगळे म्हणत. निदान पलीकडच्या वाडीत दुसरा सुतार येऊन राहीपर्यंत तरी म्हणत. तेव्हापासून ह्याला अन्न गोड लागेना. कोणी नव्या सुताराची होडी वाखाणली की ह्याच्या पोटात दुखायला लागे.

गावच्या सुईणबाईला नवी होडी हवी होती. बायकांची सुटका करायला ती वेळीअवेळी एकटीच खाडी पार करी आणि ओहोटीला होडी डोक्यावर घेऊन चिखल तुडवी.

"पातळ पट्ट्या जोडून हलकी होडी करा," ती म्हणाली. "दोघेही करा. ज्याची पसंत पडेल, त्यानेच पुढे गावाच्या होड्या बांधायच्या."

नवा सुतार लाकडाच्या वखारीत गेला. आपला सुतार ओंडक्यांमागे लपून बघत राहिला. नवा सुतार शिवणीच्या लाकडाची एकेक फळी ठोकून ऐके, रेषा सरळ आहेत का पाही आणि हवी ती बाजूला काढी. काही फळ्यांवर मात्र त्याने गेरूने फुली मारली आणि त्या तिथेच ठेवल्या.

त्या भागात फुली म्हणजे 'आत गाठ आहे, होडीला नको'. हे काय आपल्या सुताराला ठाऊक नव्हते? पण मत्सराने त्याचे डोके फिरले होते. 'लबाड लेकाचा! चांगल्या फळ्यांवर फुल्या मारतोय. म्हणजे मी हात लावायचा नाही आणि हा उद्या गुपचूप नेणार!'

नवा सुतार जाताच ह्याने नेमक्या त्याच फळ्या उचलल्या.

"अहो, त्या फुलीच्या आहेत," वखारवाला म्हणाला.

"मला लाकूड शिकवू नका!"

पट्ट्या वाकवताना गाठीगाठीपाशी चिरल्या. हाताला कळत होते, पण मन ऐकेना. त्याने चिरांत राळ भरली आणि वरून रंग फासला.

पसंतीच्या दिवशी रिवाजाप्रमाणे ज्याने त्याने आपली होडी आधी स्वतः वल्हवायची होती. निम्मी खाडी ओलांडली नाही तोच ह्याच्या होडीच्या गाठी निखळल्या आणि पाणी भसाभसा आत आले. नव्या सुताराने आपली होडी वळवली आणि गटांगळ्या खाणाऱ्या ह्याला दंडाला धरून आत ओढले.

"दादा, तुमच्यासारख्या जाणत्याने फुलीच्या फळ्या कशा घेतल्या? तुम्ही माझ्यामागून येणार, तुम्हाला पुन्हा ठोकत बसायला नको, म्हणून तर खुणा केल्या होत्या!"

खोट काढायच्या सवयीने आपल्या सुताराचा हात त्या होडीच्या पट्ट्यांवरून फिरू लागला. एकही गाठ लागली नाही.

काठावर सुईणबाई वाट बघत उभी होती. होडी टेकताच तो उतरून तिच्यापुढे गेला.

"हीच घ्या, बाई," तो मान खाली घालून म्हणाला. "माझ्या होडीत तुम्ही बसला असतात."

तात्पर्य एवढेच, की मत्सरी माणसाला दुसऱ्याचा चांगुलपणाही डाव वाटतो आणि त्या डावात तो स्वतःच बुडतो.