काळ्या अक्षरांतलं नाव

आमच्या गावात मेलेल्याचं नाव एकाच वळणाच्या अक्षरांत छापलं जायचं. अंबूताई कासारांच्या छापखान्यातले त्या अक्षरांचे शिशाचे खिळे, म्हणजे ठसे, जाड होते, गर्दीत अंग चोरून उभं राहावं तसे चिंचोळे, आणि टोकांना बारीक नख्या. नाव कितीही लांब असो, एका ओळीत बसायचं. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर ती अक्षरं लांबून दिसली, की लोक वाचायच्या आधीच चपला काढायचे.

एका भर दुपारी एक उंच माणूस छापखान्यात शिरला. तो उन्हातून आला, पण त्याची सावली काही आत आली नाही.

"माणसं मी न्यायची आणि कागदावर नाव त्यांचं!" तो गुरगुरला. "आज माझं नाव त्याच अक्षरांत लाव. नाही तर तुझं लागेल."

टेबलावर खिळे आपोआप सरकत होते. अंबूताईंचं नाव जुळत आलं होतं, शेवटचं एक अक्षर तेवढं उरलं होतं.

अंबूताईंनी चष्मा पुसला. "लावते की. पण आमच्या कागदावर जागा दोनच. वर जाड अक्षरांत मेलेला, खाली बारीक अक्षरांत रडणारे. तुम्ही मरताय की रडताय, तेवढं सांगा."



"मला दोन्ही येत नाही," तो म्हणाला.

"मग खोळंबा करू नका. जाताना दार ओढून घ्या."

तो गेला. अंबूताईंनी आपल्या नावाचे खिळे एकेक करून खणात परत टाकले. ते बर्फासारखे गार होते.

"लागतील तेव्हा काढू," त्या म्हणाल्या आणि खण लोटला.