पाठ असलेला लेख

शुद्धलेखनाच्या चुका आणि माझे साधे शब्द सांभाळून घ्या. माझी शाळा लहानपणीच सुटली. जमेल तसं लिहितो.

“...पण बुवा, एकतीस वर्षं मी रूढी राखली, एवढं चार ओळींत लिहून द्यायला हरकत काय?”

अच्युतराव सबनीसांनी तिसऱ्यांदा विचारलं. दर रविवारी पेपरात त्यांचं ‘मर्यादा’ हे सदर यायचं. निवडक लेखांचं पुस्तक उद्या छापखान्यात जायचं होतं. पहिल्या पानावर गुरूंचा आशीर्वाद तेवढा हवा होता.

निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर वाती वळत होते.

“एखादा वाचून दाखव,” ते म्हणाले. “कुंकवाचा वाच.”

“कुठला बरं तो?”

अच्युतराव गठ्ठा चाळू लागले. सापडेना.

ओसरीच्या टोकाला द्वारकाबाई तांदूळ निवडत होत्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे असे.

“मी सांगू का?” त्या म्हणाल्या. “मला पाठ आहे.”

अच्युतराव खुलले. “बघा बुवा! असे वाचक आहेत माझे.”

“सांगा बाई,” बुवा म्हणाले.

सुपातून नजर न काढता त्या म्हणू लागल्या. “‘परवा आमच्याच गावात एका विधवेने मुलीच्या लग्नात कुंकू लावून मिरवलं. मुलीची हळद उतरायच्या आत आईची लाज उतरली...’”

वाक्य जमलं होतं. अच्युतरावांनी नकळत मान डोलावली.

मग त्यांचं लक्ष बाईंच्या मोकळ्या कपाळाकडे गेलं.

मान थांबली.

“मी... नाव छापलं नव्हतं.”

“नाही छापलंत. पण त्या आठवड्यात गावात लग्न एकच होतं.”

“लावायचंच कशाला मग?”

“पोरीनंच लावलं. त्याशिवाय बोहल्यावर उभी राहीना.”

“...येते का ती भेटायला?”

“वाळकीच्या इनामदारांकडे दिलीय. एकोणीस वर्षं झाली, पाठवत नाहीत.” बाईंनी एक खडा टिपून बाजूला टाकला. “तिच्या सासरी तुमचाच पेपर येतो ना, दादा.”

अच्युतरावांनी हातातली पानं ओसरीवर ठेवली. तांदूळ सुपात सळसळत होते.

“मी मनापासून लिहिलं होतं, बुवा. त्यात खोटं काही नव्हतं.”

“ठाऊक आहे. म्हणून तर टिकलं.”

“मग... तो लेख पुस्तकातून काढून टाकतो.”

बुवांनी वात खाली ठेवली. विखुरलेली पानं गोळा केली, गठ्ठा स्वतः बांधला आणि अच्युतरावांच्या मांडीवर ठेवला.

“काढू नकोस. काढलास, तर तो एकट्या बाईंकडेच राहील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना उघडायच्या आधीच अच्युतराव वाळकीच्या एसटीत बसले. गाडी गाव सोडून फाट्याला लागली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. इनामदारांच्या दारात उभं राहून कुणाला हाक मारायची? मुलीचं नाव त्यांनी विचारलंच नव्हतं.