डोंगरावर चढणारे घट

वरच्या मोहोरीत दसऱ्याला आलात, तर एक नवल दिसेल. इतर गावांत घट ओढ्याकडे निघतात, आमचे डोंगराकडे. त्या घळीत एकाखाली एक दगडी बांध दिसतात ना, तिथवर बायका घट डोक्यावर घेऊन चढतात. त्याचं कारण देवीच्या पायरीवर बसून जुन्या बायका सांगतात, ते असं.

फार पूर्वी इथे ठकूबाई नावाची सून होती. तिची लेक दुखण्यातून उठली, तेव्हा ती देवीला बोलली होती, ‘जिवंत असेन तोवर तुझा घट माझ्याच शेतातल्या मातीत बसवीन.’ पण एका भादव्यात असा पाऊस कोसळला म्हणे, की तिच्या उतारावरच्या शेतात नुसता मुरूम उरला. घटस्थापना उद्यावर आलेली. देवीला दिलेला शब्द मोडायचा कसा? ठकूबाई पाटी घेऊन घळीघळीने खाली उतरली.

खालच्या मोहोरीत, कोंडाबाईच्या भातखाचरात, तिला आपली काळी माती सापडली. चिमटीत घेताच ओळखली.

“माझ्या खाचरात काय उकरतेस गं?” कोंडाबाई ओरडली.

“माझी माती आहे, बाई. घटापुरती नेते.”

“घटापुरती कशाला? सगळीच ने की! भात गाडलंय तिने माझं. पोरांना काय घालू, माती?”

ठकूबाईचे डोळे भरून आले. तेव्हा कोंडाबाईनेच तिच्या डोक्यावर पाटी चढवली. “ने. पण ही माती म्हणजे तुझी लेकच, तिला सांभाळ गं. परत अशी पाठवू नकोस.”

घट छान उगवला. दसऱ्याला साऱ्याजणी ओढ्यावर गेल्या, पण घट सोडताना ठकूबाईचे हात थबकले. हे पाणी कुठे जातं, ते ती आता पाहून आली होती. ती माघारी वळली.

“अगं, घट बुडवायचा सोडून निघालीस कुठे?” सासू म्हणाली.

“देवी डोंगरावरच बसलीय ना, आत्याबाई? तिची माती तिच्या पायाशी ठेवते.”

घळीत दगड रचून तिने त्यामागे घटाची माती पसरली. बायका हसल्या. पण पुढच्या पावसात पाणी तिथे थबकलं, निवळून खाली गेलं, आणि दगडांमागे गाळ राहिला. मग हसणाऱ्याही दगड उचलू लागल्या.

पुढच्या दसऱ्याला कोंडाबाई चढून आली, डोक्यावर मातीची पाटी. “यंदा भात पिकलं गं. तुझी लेक माहेरी आणलीय.”

आता आमच्या आडाला वैशाखातही पाणी असतं. आजही दसऱ्याला खालच्या मोहोरीची एक बाई पाटीभर माती घेऊन वर येते. “सांभाळशील ना?” असं विचारते. वरच्या बाईने आधी बांधावर एक दगड ठेवायचा, मगच ‘हो’ म्हणायचं.