मसासकट सासूबाई

फार वर्षांपूर्वी, शेंदुरवड्याच्या ओढ्याला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या देवळाच्या भिंतीवर एक जुनं चित्र होतं. देऊळ बांधणाऱ्या अंबिकाबाई सरदारणीचं. देऊळ झाडायला येणारी सगुणा गुरवीण त्या चित्रापायी पार वेडी झाली. आपल्यालाही माणसांचे चेहरे काढता यावेत, एवढाच तिचा ध्यास. पण शिकवणार कोण? मग झाडलोट उरकली की ती फरशीवर कोळशानं अंबिकाबाई काढायची आणि पुसायची. पुढे पुढे तिला डोळे मिटूनही त्या काढता यायच्या, असं म्हणतात.

अडचण अशी, की चित्र कुणाचंही काढलं तरी अंबिकाबाईच उतरायच्या! पाटलांचं काढलं, तर अंबिकाबाईंना मिशा फुटल्या. गाव पोट धरून हसलं. सासू धुरपदाबाईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता माझं चित्र काढ," ती कडाडली. "शेजारणींनी वळखलं तर बरं, न्हाईतर तुझे कोळसे चुलीत!"

सगुणा पुन्हा देवळातल्या भिंतीपाशी गेली. अंबिकाबाईंच्या गालांवर बारीक खड्डे होते. गिलावा उडालाय असं समजून ती ते दरवेळी गाळायची. आज तिनं बोट फिरवलं, तर भिंत गुळगुळीत! ते खड्डे चिताऱ्यानं रंगवले होते. बाईंना कधीकाळी देवी आल्या होत्या आणि त्यानं त्यांचे वण लपवले नव्हते.

"अगं बया! त्यानं बाईकडं बघितलं व्हतं, अन् मी नुसती भिंतीकडं!" सगुणा स्वतःशीच म्हणाली.

घरी येऊन तिनं सासूला अंगणात बसवलं आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मान वर करून तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. हनुवटीवरचा मस, पडलेला दात, आणि रागाआड दडवलेलं हसू. सगळं घराच्या भिंतीवर उतरलं. शेजारपाजारच्या सुना त्या चित्रासमोर पदर सावरू लागल्या आणि दुधावर टपलेलं मांजर ते बघून धूम पळालं, असं म्हणतात.

धुरपदाबाईनं चित्रातल्या मसावर बोट ठेवलं. "मसासकट काढलंस गं, भवाने!" म्हणाली, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून तिनं सुनेची दृष्ट काढली.

आजही शेंदुरवड्यात नवी सून आली, की सगुणा गुरविणीच्या नावानं तिच्या हाती गेरू देतात. सासूनं समोर बसायचं. सुनेनं तिच्या डोळ्यांत बघून भिंतीवर तिचं तोंड काढायचं. कसंही निघालं तरी सासूनं रागवायचं नाही, असा दंडक आहे. बहुतेक चित्रं भोपळ्यासारखी निघतात. सासवा मात्र ती दिवाळीच्या सारवणापर्यंत कुणाला पुसू देत नाहीत.