पहिला घोट

फार मागं एका रानात वानरांची टोळी होती. टोळीचा मुख्य कोण, यावरून त्यांच्यात रोज रक्त सांडायचं. शेवटी निवाड्याला टकाचोर पक्षी बोलावला. तो म्हणाला, "दहा दिवस डोहाकाठी बसून बघतो. कोण कोणाला वाट देतं, त्यावरून ठरेल."

दहाही दिवस दांडगा हुप्प्या छाती काढून पहिला उतरला. म्हातारी थोरली वानरीण बाकीच्यांना काठावरच थांबवायची आणि पाण्यावर नजर लावून बसायची. कुणी हूं की चूं करत नसे. हुप्प्याचं पोट भरलं की मगच ती टोळीला खाली सोडायची.

अकराव्या दिवशी हुप्प्या पाण्यात हात घालून ओरडला, "बोल, मुख्य कोण?"

"थोरली," टकाचोर म्हणाला.

"डोळे फुटले का तुझे? पहिला घोट माझा असतो!"

"हा मान तुला दिला कुणी?"

"थोरलीनंच."

"आणि डोहात मगर आहे, हे सांगितलं का तिनं?"

हुप्प्यानं वळून पाहिलं. सगळी टोळी थोरलीकडे बघत होती, आणि थोरली पाण्याकडे.

त्याचा हात अजून पाण्यातच होता.