गुणवंताचं मनाचं ट्रेनिंग

“चावी दे.”

“नाही.”

“अरे, माझ्या जीपची चावी आहे ती!”

“हो. तुमचीच आहे, दिगूभाऊ.”

“मग दे ना!”

“नाही.”

एका गावात एक भोळा आरोग्यसेवक होता, आणि त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता तो कौसाबाईच्या अंगणात पोतं अंथरून, मांडी घालून बसला होता. नाव गुणवंता. नाव आईनं ठेवलेलं, गुण बघायच्या आधी. त्याच्यासमोर कौसाबाईचा मुलगा दिगंबर, रागानं लालबुंद. दारात जीप. जीपमध्ये पाच नारळ, अगरबत्तीचे पुडे आणि पाय बांधलेला एक कोंबडा. मागे निम्मं बेलखोरे गाव. आणि ओट्यावर, भिंतीला पाठ लावून, कौसाबाई. एवढा सगळा गलका तिच्यासाठी चालला होता आणि तिच्याकडे एकही जण बघत नव्हता.

कौसाबाईचा नवरा गेल्या वर्षी वारला. त्यानंतर ती आधी कमी बोलायला लागली, मग बोलेनाशीच झाली. अंघोळ कर म्हटलं तर करायची. ताट पुढं केलं तर दोन घास खायची. बाकी वेळ भिंत आणि ती. गावानं ठरवलं, बाहेरची बाधा आहे. दिगंबरनं ठरवलं, लांबच्या एका महाराजांकडे महिनाभर नेऊन ठेवायची. तिथं अशा माणसांना खांबाला बांधून ठेवतात, असं लोक सांगायचे. दिगंबर वाईट नव्हता, घाबरला होता. घाबरलेला माणूस आधी जीप काढतो आणि विचार वाटेत करतो.

तर हा गुणवंता तिथं कसा येऊन बसला, ते सांगते. ते कळल्याशिवाय त्याच्यावर रागवाल तर तो राग अर्धवट होईल, आणि अर्धवट राग मला आवडत नाही.

झालं असं, की वर कुठंतरी सरकारात ठरलं, गावच्या माणसांनाही मन असतं. उशिरा ठरलं, पण ठरलं. धोरण निघालं. धोरण म्हणजे जाडजूड कागद असतो. तो वरून खाली येता येता पातळ होत जातो आणि शेवटी ज्याच्या हातात पडतो, तो गुणवंता असतो.

दर शुक्रवारी तालुक्याला ट्रेनिंग. प्रत्येकाला एक फाइल, एक पेन आणि एक प्लेट पोहे. शिकवायला डॉक्टर केळुसकर मॅडम, मनाच्या डॉक्टर. दर गुरुवारी त्या बेलखोऱ्याच्या सरकारी दवाखान्यातही येऊन बसायच्या. बाई हुशार, कष्टाळू. एकच चूक करायच्या. गुणवंतानं मान हलवली म्हणजे त्याला कळलं, असं समजायच्या.

पहिल्या शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, “माणूस आपलं दुःख सांगत असला की मध्ये बोलायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. धावपळ करायची नाही. शांत बसून ऐकायचं. ऐकणं हेच अर्धं औषध.”

गुणवंतानं मान हलवली. वहीत लिहून घेतलं.

शनिवारी तो रस्त्यानं चालला होता. तानाबाई ओट्यावरून ओरडली, “अरे गुणवंता, माझी म्हैस सुटली! विहिरीकडं चाललीय!”

गुणवंता ओट्यावर जाऊन बसला. वही मांडीवर ठेवली. म्हणाला, “हं.”

“हं काय? माझे गुडघे धरलेत, तू धाव की!”

“हं. बोला, मी ऐकतोय.”

“कठड्यापाशी गेली रे मेल्या!”

“तुम्हाला फार त्रास होतोय,” गुणवंता म्हणाला.

म्हैस विहिरीत पडली. सोळा माणसं लागली, दोन दोरखंड लागले, अख्खी दुपार गेली. म्हैस निघाली ती गावावर रुसूनच निघाली, चार दिवस दूध दिलं नाही. आणि गुणवंतानं तानाबाईला विचारलं, “बोलून थोडं हलकं वाटलं का?”

तानाबाईनं हातातली केरसुणी फेकून मारली.

पुढच्या शुक्रवारी मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो, धोका असेल तेव्हा ऐकत नाही बसायचं! कुणी म्हणालं, मला जगायचं नाही, तर त्याला क्षणभर एकटं सोडायचं नाही. आणि जवळची धोक्याची वस्तू आधी दूर करायची.”

“असं होय!” गुणवंता म्हणाला. “हे आधी सांगायचं ना.”

मान हलवली. वहीत लिहिलं.

रविवारी रघूच्या सलूनमध्ये गर्दी होती. गुणवंता दाढीला गेला. रघू म्हणाला, “थांब बाबा जरा. आज मरायलासुद्धा वेळ नाही.”

गुणवंता उभा राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तीन वस्तरे, दोन कात्र्या आणि मानेला लावायची मशीन पिशवीत भरली, पळत दवाखान्यात गेला आणि लशींच्या खोलीत कुलूप लावून ठेवली. मग पळत परत आला आणि रघूचा हात धरला.

“रघूदादा, मी आहे.”

“अरे, पण हत्यारं?”

“दूर केली.”

खुर्चीत पोलीस पाटील बसले होते. डावी मिशी झाली होती, उजवी राहिली होती. दुपारी त्यांच्या मुलीचा साखरपुडा. रघू हत्यारं मागायला दवाखान्याकडे निघाला, गुणवंता बरोबर. रघू वैतागून घरी गेला, गुणवंता बरोबर. रघू न्हाणीत शिरला, गुणवंता दाराबाहेर उभा, आणि दर मिनिटाला, “रघूदादा, आहात ना?”

“आहे रे! कुठं जाणार?”

“तेच तर विचारायचं होतं.”

पोलीस पाटलांनी दीड मिशीनं साखरपुडा केला. फोटोत ते सगळीकडे एकाच बाजूला बघताहेत.

तिसऱ्या शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, “गुणवंतराव, ती बोलायची पद्धत असते हो! आधी विचारायचं ना. सरळ विचारायचं, लाजायचं नाही. किती दिवस झाले? झोप लागते का? भूक लागते का? पूर्वी असं कधी झालं होतं का? मग ठरवायचं, धोका खरा की खोटा.”

“असं होय! हे आधी सांगायचं ना.”

बुधवारी मारुतीच्या पारापाशी सुमनचं लग्न लागलं. पाठवणीची वेळ. सुमन आईच्या गळ्यात पडून रडत होती. सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून उभ्या. गुणवंता वही घेऊन मध्ये शिरला.

“किती दिवसांपासून रडू येतंय?”

“आठ दिवस झाले हो पोरीला,” आई हुंदका देऊन म्हणाली.

“झोप?”

“डोळ्याला डोळा नाही.”

“भूक?”

“घास उतरत नाही.”

गुणवंतानं तिन्हीपुढं खूण केली. नेमका तेव्हाच बँड थांबला, आणि गुणवंताचा आवाज मुळात मोठा. “आणि पूर्वी असं कधी झालं होतं का?”

नवऱ्या मुलाचा मामा चार पावलं पुढं आला. “म्हणजे? पूर्वी काय झालं होतं?”

“तेच विचारतोय,” गुणवंता म्हणाला.

“कुणाला विचारतोयस?”

“नवरीला. पूर्वी झालं असलं तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त.”

दोन तास गाडी हलली नाही. मुलीकडच्यांनी देवळात जाऊन शपथा घेतल्या. मुलाकडच्यांनी हळदीचे नारळ परत मागितले. शेवटी नवरा मुलगाच म्हणाला, “पूर्वी झालं नव्हतं. आत्ता होतंय, आणि ह्या माणसामुळं होतंय.” तेव्हा कुठं सुमन रडता रडता हसली आणि गाडीत बसली.

चौथ्या शुक्रवारी मॅडमनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. तोवर गुणवंताला बघितलं की त्यांची भूक जायची. “चारचौघांत नाही विचारायचं! माणसाला एकटं गाठायचं. हळू विचारायचं, कानाशी. आणि तो जे सांगेल, ते पोटात ठेवायचं. ना गावाला सांगायचं, ना घरच्यांना.”

“असं होय! हे आधी सांगायचं ना. म्हणजे कुणालाच नाही?”

“कुणालाच नाही!” मॅडम म्हणाल्या. त्यांची एसटी लागली होती. एक पाय पायरीवर ठेवून त्यांनी सांगितलं, “आणि त्या कौसाबाईंकडे सोमवारपासून रोज जाऊन बसत जा. घरचे तिला गुरुवारी त्या महाराजांकडे न्यायचं म्हणताहेत. तिच्या मनाविरुद्ध तिला मी दवाखान्यात ओढून आणणार नाही, आणि तिला न विचारता त्यांनीही नेऊ नये. गुरुवारी मी येते. तोवर तुम्ही फक्त बसा. बाकी काही करू नका. कृपा करा.”

गुणवंतानं मान हलवली.

सोमवारी तो गेला. दिगंबर शेतात, सून पाण्याला. घरात कौसाबाई आणि भिंत. तिथं काय झालं, ते कुणी बघितलं नाही. मंगळवारी तो पुन्हा जाऊन बसला, बुधवारीही. निघताना रोज कौसाबाईच्या कानाशी वाकायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. सुनेला वाटलं, मंत्र घालतोय. तिनं त्याला चहा द्यायला सुरुवात केली.

दिगंबरनं रोज संध्याकाळी विचारलं, “आई काही बोलली का रे?”

“सांगता येत नाही,” गुणवंता म्हणाला.

“ह्याला एवढंही सांगता येत नाही,” दिगंबर बायकोला म्हणाला. “आणि सरकार ह्याला पगार देतं.”

आणि गुरुवारी सकाळी जीप दारात आली, नारळ चढले, कोंबडा चढला, दिगंबर आईचं गाठोडं आणायला आत गेला आणि बाहेर येऊन बघतो, तर चावी नाही.

“शेवटचं विचारतो,” दिगंबर म्हणाला. “चावी दे.”

“नाही म्हटलं ना. माझ्याकडे नाहीच ती.”

“मग कुठं आहे?”

“विहिरीत.”

“कुठल्या विहिरीत?”

“तानाबाईंच्या. म्हैस निघाली, तर चावी काय, निघेलच.”

दिगंबरनं वहाण काढली. तेवढ्यात केळुसकर मॅडम धापा टाकत अंगणात आल्या. त्यांना वाटेतच कुणीतरी बातमी दिली होती.

“गुणवंतराव! चावी का टाकलीत?”

“धोक्याची वस्तू आधी दूर करायची.”

“पण धोका कसला? मी म्हटलं होतं ना, आधी विचारायचं?”

“विचारलं.”

“कुणाला?”

“ते सांगता येत नाही.”

मॅडमनी डोळे मिटले. मला वाटतं, त्या मनातल्या मनात दहा आकडे मोजत होत्या. तेही त्यांनीच शिकवलं होतं.

“बघा मॅडम, हे तुमचं ट्रेनिंग!” दिगंबर म्हणाला. “आता मध्ये पडू नका. माझी आई आहे, मी ठरवणार.”

“आई तुमची आहे, दिगंबरराव, पण जीव तिचा आहे. तिला विचारलंत?”

“ती बोलतच नाही, तर विचारू काय?”

“म्हणून खांबाला बांधायची?”

“मग तुम्ही काय करणार? गोळ्या देऊन झोपवणार! माझी आई वेडी नाही!”

“मी कुठं म्हटलं वेडी आहे?”

“मग मनाच्या दवाखान्यात कशाला?”

तानाबाई गर्दीतून म्हणाली, “ते राहू द्या, आधी माझ्या विहिरीत लोखंड टाकलं, त्याचं काय?” रघू म्हणाला, “एक वस्तरा अजून परत आलेला नाही.” पोलीस पाटलांनी नुसता मिशीवरून हात फिरवला, पण ते सगळ्यांत जास्त लागलं. कुणी म्हणालं, गुणवंताला कामावरून काढा. कुणी म्हणालं, आधी त्याला महाराजांकडे न्या, जीप भरलेलीच आहे. दिगंबर मॅडमवर ओरडत होता, मॅडम दिगंबरवर ओरडत होत्या. सून म्हणाली, आईंना दवाखाना नको असेल. शेजारीण म्हणाली, आईंना महाराज नको असतील. कौसाबाईच्या वतीनं बोलायला अंगणात चाळीस माणसं होती. त्या सगळ्यांत एकटा गुणवंता शांत बसून मान हलवत होता.

“हं,” तो म्हणाला. “बोला, मी ऐकतोय.”

“गुणवंतराव,” मॅडमचा आवाज फाटला, “तुमचं नाव मी आजच्या आज ट्रेनिंगमधून काढतेय. चार दिवस इथं बसलात. त्या बाईच्या मनात काय आहे, एवढं एक तुम्हाला कळलं असतं, तर आज मला काहीतरी करता आलं असतं!”

गुणवंताचे डोळे भरून आले. त्यानं तोंड उघडलं. मग वही उघडली, चौथ्या शुक्रवारचं पान वाचलं, आणि तोंड मिटलं.

तेव्हा ओट्यावर हालचाल झाली. कौसाबाई भिंतीला हात लावून उभी राहिली. घसा खाकरला. वर्षभर न उघडलेलं दार उघडावं तसा आवाज निघाला. अंगण गप्प झालं. जीपमधला कोंबडाही गप्प झाला.

“सोमवारीच सांगितलं मी ह्याला, की महाराजाकडं नको, मला मॅडमच्या दवाखान्यात न्या म्हणून, आणि हा मेला रोज येऊन माझ्याच कानात सांगतो, ‘काकू, निर्धास्त राहा, कुणालाही कळू दिलं नाही!’”